संगणकातला जिवंत चेहरा : प्रस्तावना

संगणकाच्या पडद्यावर डोंगर उभा केला आणि त्याची एखादी कड चुकली, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. लाटेचा फेस थोडा कमीजास्त झाला तरी पाहणारा हरकत घेत नाही. चेहऱ्याच्या बाबतीत ही सूट मिळत नाही. वरची पापणी मिलिमीटरभर जास्त उघडी राहिली, की शांत बसलेला माणूस दचकलेला वाटू लागतो. ओठांचे कोपरे वर गेले पण डोळ्यांखालचा भाग हललाच नाही, की हसू खोटे ठरते. हे ओळखायला शिक्षण लागत नाही. नवजात अर्भकसुद्धा चेहऱ्यासारख्या आकृतीकडे आपणहून वळते, आणि तेव्हापासून आपण सगळेच आयुष्यभर चेहरे वाचत राहतो. इतका मोठा आणि इतका कडक परीक्षकवर्ग संगणक-चित्रणाच्या दुसऱ्या कोणत्याही शाखेच्या वाट्याला आलेला नाही.

खरा वाटेल असा मानवी चेहरा संगणकावर घडवणे, त्याला हलवणे आणि बोलते करणे, ही ती शाखा. तिच्यात नव्याने येणाऱ्या मराठी वाचकांसाठी हे पुस्तक आहे. गणिताचा, शरीररचनेचा, भाषाविज्ञानाचा, अभिनयाचा, छायाचित्रणाचा, कुठलाही विद्यार्थी इथे आपापल्या दारातून येऊ शकतो, आणि त्याने यावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. या शाखेचा पन्नासहून अधिक वर्षांचा प्रवास पुन्हा पुन्हा तपासताना एक गोष्ट मला पटत गेली. संगणक वेगवान होत गेले म्हणून चेहरे सुधारले, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. मोठी मजल मारली गेली ती दर वेळी कोणीतरी खऱ्या चेहऱ्याकडे आधीच्यांपेक्षा बारकाईने पाहिले तेव्हा. पुढची सगळी प्रकरणे याच समजुतीवर बेतलेली आहेत.

सुरुवात अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात झाली. 1971च्या सुमारास तिथे हेन्री गुरो हे बहुभुजांच्या जाळीवर छायेचे सलग उतार रंगवण्याची पद्धत शोधत होते, आणि नमुना म्हणून त्यांनी आपल्या पत्नीचा चेहरा घेतला. 1972मध्ये त्याच विद्यापीठातल्या फ्रेडरिक पार्क यांनी संगणकावर चेहरा प्रथम हलवून दाखवला. त्यात मोजके काहीशे बहुभुज होते. 1974च्या प्रबंधात त्यांनी जो विचार मांडला तो मात्र आजही टिकून आहे. चेहऱ्याचे आकडे दोन गटांत विभागायचे. हा चेहरा कोणाचा, हे सांगणारे आकडे एका गटात : नाकाची लांबी, जबड्याची रुंदी, डोळ्यांमधले अंतर. हा चेहरा आत्ता काय करतो आहे, हे सांगणारे दुसऱ्या गटात : जबडा किती उघडा, भुवई किती वर, नजर कुठे. व्यक्ती आणि भाव यांची ही फारकत झाली, म्हणून एका नटाचा अभिनय दुसऱ्याच चेहऱ्यावर उतरवता येऊ लागला. आजच्या अतिप्रगत पद्धतींतही ती कुठे ना कुठे सापडतेच.

पण चेहरा ‘काय करतो’ याची यादी कोणी करायची? हा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे. फ्रान्समध्ये गियोम द्युशेन यांनी चेहऱ्याच्या एकेका स्नायूला विजेचा सौम्य धक्का देऊन त्याची छायाचित्रे घेतली आणि 1862मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यांचा मुख्य नमुना होता एक वृद्ध रुग्ण. त्याच्या चेहऱ्याची संवेदना गेलेली असल्याने त्याला वेदना होत नसत. गाल वर खेचणारा झायगोमॅटिकस मेजर हा स्नायू हवा तेव्हा आकसवता येतो, पण मनापासून हसताना डोळ्याभोवतीचा ऑर्बिक्युलॅरिस ऑक्युलाय हाही आकसतो आणि तो सहजासहजी हुकमत मानत नाही, हे निरीक्षण त्यांचे. डार्विन यांनी 1872च्या आपल्या ग्रंथात यांतलीच काही छायाचित्रे वापरली.

त्यानंतरचा मोठा टप्पा 1978चा. स्वीडिश शरीररचनाकार कार्ल-हेर्मान योर्टशो यांच्या कामाचा आधार घेऊन पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीझन यांनी ‘फेशियल ॲक्शन कोडिंग सिस्टिम’ मांडली. स्टुडिओतली मंडळी तिला नुसते ‘फॅक्स’ म्हणतात. चेहऱ्याच्या दृश्य हालचालींचे तिने चाळीसहून अधिक घटक केले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. 1 म्हणजे भुवईचे आतले टोक वर, 4 म्हणजे भुवया खाली आणि जवळ, 6 म्हणजे गाल वर, 12 म्हणजे ओठांचे कोपरे वर. इथे नवख्या माणसाची हमखास गल्लत होते, म्हणून आधीच सांगतो : 12 म्हणजे आनंद नव्हे. ही पद्धत हालचाल नोंदवते, भावना नाही. अमुक भावनेला जगभर अमुकच चेहरा, हे एकमन यांचे मत वेगळे आणि त्याबद्दल मानसशास्त्रात मोठा वाद आहे. लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019मध्ये सगळ्या पुराव्याचा आढावा घेऊन त्या मतातले कच्चे दुवे दाखवले. ॲनिमेटरने हालचालींचे क्रमांक जरूर घ्यावेत. भावनांचा तयार कोश मात्र घेऊ नये.

मराठी वाचकाला या ठिकाणी भरतमुनींची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि ती योग्यच आहे. नाट्यशास्त्राच्या उपांगाभिनयात 36 दृष्टी सांगितल्या आहेत, भुवयांच्या 7 क्रिया, नाकाच्या, गालांच्या आणि खालच्या ओठाच्या प्रत्येकी 6. त्याशिवाय 4 मुखराग आहेत : स्वाभाविक, प्रसन्न, रक्त आणि श्याम. चेहऱ्याचा रंग हा अभिनयाचाच भाग आहे, हे तिथे स्वतंत्रपणे नोंदवलेले आहे. संगणक-चित्रणात ही जाणीव फार उशिरा आली. ओठ आवळले की रक्त सरकते आणि ते पांढुरके होतात, राग चढला की कपाळ आणि गाल तांबूस होतात. या बदलांचे मोजमाप घेऊन ते चेहऱ्याच्या हालचालीशी जोडणारे होर्हे हिमेनेझ आणि सहकाऱ्यांचे संशोधन 2010चे आहे. नाट्यशास्त्रात आधुनिक विज्ञान आधीच होते, असा दावा मी करत नाही. भरतांची यादी रंगमंचावरून दूरवर दिसावे म्हणून आहे, एकमन यांची समोरच्या चेहऱ्यावर उमटलेले टिपावे म्हणून. हेतू वेगळे, तरी दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचल्या, की चेहऱ्याचे तुकडे पाडून पाहण्याची शिस्त म्हणजे काय ते कळते. नृत्य किंवा नाटक शिकलेल्या विद्यार्थ्याने या क्षेत्रात स्वतःला परका मानू नये, ते याचसाठी.

स्नायूंची यादी हाती आल्यावर त्यांचे गणित करण्याचे प्रयत्न झाले. कीथ वॉटर्स यांनी 1987मध्ये त्वचेच्या जाळीखाली आभासी स्नायू बसवले. काही दोरीसारखे एका दिशेने ओढणारे, काही तोंडाभोवतीच्या स्नायूसारखे गोलाकार आवळणारे. 1988च्या ‘टिन टॉय’ या पिक्सारच्या लघुपटातल्या बाळाचा चेहरा स्नायू-मॉडेलवरच चालवलेला होता. लघुपटाला ऑस्कर मिळाले, पण त्या बाळाकडे पाहून अनेकांना अस्वस्थ वाटले होते, हेही विसरू नये.

आज बहुतेक ठिकाणी चेहरा हलतो तो ब्लेंडशेपच्या आधाराने, आणि या विषयावर हे पुस्तक सर्वांत जास्त पाने खर्च करते. मूळ कल्पना शाळकरी गणिताइतकी सोपी आहे. एक तटस्थ चेहरा घ्यायचा. त्याच जाळीचे, त्याच बिंदूंचे आणखी चेहरे घडवायचे : एकात फक्त डावी भुवई वर, दुसऱ्यात फक्त ओठांचा उजवा कोपरा ताणलेला. प्रत्येकातून तटस्थ चेहरा वजा केला की प्रत्येक बिंदू किती आणि कुठे सरकला ते मिळते. या सरकण्याला 0 ते 1 दरम्यानचा भार देऊन ते तटस्थ चेहऱ्यात मिळवत गेले की हवा तो भाव उभा राहतो. ॲनिमेटरच्या हाती फक्त स्लायडर येतात.

अडचण सुरू होते ती इथून. हे गणित सरळ रेषेत चालते, चेहरा चालत नाही. पापणी मिटताना नेत्रगोलाच्या उंचवट्यावरून घसरत खाली येते. उघड्या आणि मिटलेल्या पापणीचे दोन आकार देऊन मधला 0.5 मागितला, तर प्रत्येक बिंदू सरळ रेषेने निघतो आणि पापणी डोळ्यात घुसते. त्यावर उपाय म्हणून मधला आकार हाताने घडवून बसवावा लागतो. दुसरी अडचण बेरजेची. जबडा उघडताना गाल खाली ताणला जातो, हसताना तो वर आणि मागे जातो; दोन्ही आकार पूर्ण भाराने मिळवले तर तोंडाच्या कोपऱ्याशी जे दिसते ते कोणत्याही माणसाच्या चेहऱ्यावर दिसत नाही. अशा प्रत्येक जोडीसाठी दुरुस्तीचा आकार लागतो. शंभर स्लायडर असतील तर नुसत्या जोड्याच 4950 होतात. त्यातल्या कोणत्या जोड्या खरोखर एकत्र येतात आणि कोणत्या कधीच येत नाहीत, हे सॉफ्टवेअर सांगत नाही. ते चेहऱ्यांकडे पाहूनच ठरवावे लागते, आणि चांगला रिगर, म्हणजे चेहऱ्याला हे स्लायडर जोडून देणारा कारागीर, ओळखू येतो तो त्याच निवडीतून.

त्वचेची गोष्ट वेगळी आणि मला अतिशय प्रिय आहे. नव्वदच्या दशकाअखेरपर्यंत संगणकातली त्वचा प्लास्टिकसारखी दिसे, कारण प्रकाश पृष्ठभागावर आपटून तिथूनच परततो असे धरलेले होते. खरा प्रकाश त्वचेच्या आत शिरतो, रक्त आणि पेशींमधून विखुरतो आणि दुसऱ्याच बिंदूतून बाहेर येतो. लाल प्रकाश सर्वांत लांब जातो. उन्हात कानाची पाळी लालसर झळकते ती याचमुळे. हेन्रिक वान येन्सेन, स्टीव्ह मार्शनर, मार्क लेव्हॉय आणि पॅट हॅनरहान यांनी 2001मध्ये या विखुरण्याचे वापरण्याजोगे गणित दिले, आणि पुढच्याच वर्षी ‘द टू टॉवर्स’ या चित्रपटातल्या गॉलम या पात्राच्या त्वचेत त्याचे फळ दिसले. त्याच सुमारास पॉल डेबेव्हेक यांनी उलट्या बाजूने विचार केला : त्वचेचे गणित मांडण्याआधी खऱ्या चेहऱ्यावर प्रत्येक दिशेने प्रकाश टाकून तो कसा दिसतो ते टिपून तर ठेवू. 2000 साली सादर झालेल्या त्यांच्या ‘लाइट स्टेज’मध्ये माणूस मिनिटभर स्थिर बसे आणि एक दिवा त्याच्याभोवती फिरे. प्रकाश बेरजेने वागतो, म्हणून ही चित्रे योग्य प्रमाणात मिळवली की तोच चेहरा चर्चमधल्या किंवा रस्त्यावरच्या उजेडातही दाखवता येतो. या उपकरणाच्या पुढच्या आवृत्तीत एमिली ओब्रायन या अभिनेत्रीचे सुमारे तीस हावभाव टिपून 2008मध्ये ‘डिजिटल एमिली’ तयार झाली. वास्तववादी चेहऱ्याच्या वाटेवरचा तो मैलाचा दगड आहे.

मासाहिरो मोरी या जपानी यंत्रमानवतज्ज्ञाने 1970मध्ये लिहिलेला छोटा निबंध या क्षेत्रात सतत उद्धृत होतो. कृत्रिम आकृती माणसासारखी होत जाते तसतशी आपल्याला आवडू लागते, पण अगदी जवळ आल्यावर अचानक नकोशी वाटते. आलेखातल्या या खोल दरीचे त्यांनी वर्णन केले, आणि हालचाल आली की दरी आणखी खोल होते असेही सांगितले. 2001चा ‘फायनल फँटसी’ आणि 2004चा ‘द पोलर एक्स्प्रेस’ या चित्रपटांवर बहुतेक टीका याच भाषेत झाली. माझे मत असे, की दरी हा शब्द निदान म्हणून पुरेसा नाही. ‘भीतीदायक दिसते’ असे म्हणून थांबण्यापेक्षा नक्की काय चुकले ते शोधावे. बहुतेक वेळा उत्तर डोळ्यांत किंवा तोंडात सापडते.

डोळा कधीच स्थिर नसतो. एका जागी पाहतानाही तो बारीक उड्या घेतो, बोलताना वेगळ्या आणि ऐकताना वेगळ्या. सूहा पार्क ली, जेरेमी बॅडलर आणि नॉर्मन बॅडलर यांनी खऱ्या संभाषणातल्या या उड्या मोजून 2002मध्ये त्यांचे मॉडेल केले. ते लावण्याआधीचा आणि नंतरचा चेहरा एकदा शेजारी ठेवून पाहावा. पापणी मिटते त्यापेक्षा सावकाश उघडते. खालच्या पापणीच्या काठावर अश्रूंची एक ओली रेघ असते आणि तिच्यात उजेड चमकतो. ती काढून टाकली की नजर मृत होते.

तोंडाचा प्रश्न मराठी वाचकासाठी अधिक जवळचा आहे. ऐकणे आणि पाहणे किती गुंतलेले आहे, ते हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी 1976मध्ये दाखवले : ध्वनी ‘बा’चा आणि ओठ ‘गा’चे, तर पुष्कळांना ‘दा’ ऐकू येते. म्हणजे ओठ चुकले तर शब्दच बदलतो. यासाठी ॲनिमेटर ध्वनींचे दृश्य गट करतात. प, ब, भ, म म्हणताना ओठ सारखेच मिटतात, म्हणून त्यांचा एक गट. प्रचलित गट बहुतांशी इंग्रजीवरून बेतलेले आहेत. ते मराठीला लावले की काय होते? ‘चार’मधला च आणि ‘चाऱ्या’तला च वेगळे, हे आपला कान जाणतो, ती यादी जाणत नाही. ट, ड, ण, ळ उच्चारताना जीभ टाळूकडे वळते. दातांआडून तिची खालची बाजू क्षणभर दिसते, आणि तीही इंग्रजी यादीत नाही. शिवाय ध्वनी एकटा येत नाही. ‘पी’ म्हणताना आणि ‘पू’ म्हणताना ओठ मिटतात ते एकसारखे मिटत नाहीत. पुढचा स्वर आधीच ओठांवर येऊन बसलेला असतो. मायकेल कोहेन आणि डॉमिनिक मसारो यांनी 1993मध्ये या शेजारप्रभावाचे गणित मांडले, आणि त्यांच्या ‘बाल्डी’ नावाच्या बोलक्या चेहऱ्याचा उपयोग पुढे कर्णबधिर मुलांना बोलणे शिकवण्यासाठी झाला. करमणुकीपलीकडे या विद्येचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण आधी देतो.

गेल्या दहा वर्षांत उदाहरणांवरून शिकणाऱ्या यंत्रांनी चित्र पालटले आहे. त्याची सुरुवात मात्र जुनी आहे. 1999मध्ये फोल्कर ब्लान्झ आणि थॉमस फेटर यांनी 200 चेहऱ्यांच्या लेझर स्कॅनवरून कोणताही नवा चेहरा घडवू शकणारे सांख्यिकी मॉडेल दिले होते. 2016च्या ‘फेस टू फेस’ने साध्या कॅमेऱ्यासमोरच्या माणसाचे हावभाव दुसऱ्याच्या व्हिडिओवर थेट बसवून दाखवले, आणि पुढच्या वर्षाअखेरीस डीपफेक हा शब्द जगाला माहीत झाला. इथेही पाहण्याचे महत्त्व कमी झालेले नाही. सुरुवातीच्या बनावट चित्रफितींतली माणसे फारशी पापण्या मिटत नसत, कारण यंत्र ज्या छायाचित्रांवर शिकले त्यांत डोळे मिटलेले फोटो जवळपास नव्हते. 2018मध्ये संशोधकांनी याच खुणेवरून बनावट ओळखण्याची पद्धत सुचवली. यंत्राला जे दाखवले नाही ते त्याला येत नाही. 2009च्या ‘बाझेल’ या सांख्यिकी चेहरा-मॉडेलमधले 200 चेहरेही बहुतांश युरोपीय होते. सावळ्या त्वचेवर तेलकट चमक कशी बसते, उन्हात राबलेल्या कपाळावर सुरकुती कशी पडते, हे त्यातून शिकता येणार नाही.

चेहरा ज्याचा आहे त्याची परवानगी हा या विद्येचा पहिला पाठ मानावा, शेवटचे परिशिष्ट नव्हे. अभिनेते पीटर कुशिंग 1994मध्ये वारले आणि 2016च्या ‘रोग वन’ या चित्रपटात त्यांचा चेहरा गाय हेन्री या नटाच्या अभिनयावर बसवलेला दिसला; वारसांची संमती होती, तरी चर्चा थांबली नाही. 2023मध्ये अमेरिकेतल्या नटांनी 118 दिवस संप केला, त्यात डिजिटल प्रतिकृती हा कळीचा मुद्दा होता. त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने अभिनेते अनिल कपूर यांचा चेहरा, आवाज आणि नाव परवानगीशिवाय वापरण्यास मनाई केली. प्रसिद्ध माणसाला न्यायालय गाठता येते. ज्या मुलीचा फोटो कोणी तिच्या नकळत उचलतो, तिला ते सोपे नसते. म्हणून स्कॅन करण्याआधी कशासाठी, किती काळ आणि कोणाच्या ताब्यात, हे तिन्ही लेखी ठरवण्याचा नमुना पहिल्याच प्रकरणाला जोडला आहे.

या वाटेवर यायला काय लागते, असे विद्यार्थी विचारतात. सदिश आणि सारणी यांचे गणित लागते, थोडे कलनही. ते जिथे हवे तिथे शिकवले आहे. चित्र काढता येत असेल तर उत्तम, पण त्याहून उपयोगी सवय म्हणजे कोणी बोलत असताना आवाज बंद करून तोंड पाहणे, आणि तोच तुकडा पुन्हा सावकाश चालवून पाहणे. मुंबई आणि पुण्यात दृश्यपरिणामांचे काम करणारे कुशल हात आहेत; मुंबईच्या प्राइम फोकसने 2014मध्ये लंडनच्या डबल निगेटिव्ह या नामांकित स्टुडिओला आपल्यात सामील करून घेतले. हात आहेत, पण आपल्या चेहऱ्यांची आणि आपल्या उच्चारांची मूळ नोंद आपणच करायची आहे. मालवणचा, नांदेडचा, चंद्रपूरचा आणि कोल्हापूरचा माणूस तेच वाक्य बोलताना ओठ कसे हलवतो. साठीपुढे दात पडल्यावर ‘स’ कसा दिसतो. मान तिरकी डोलावून दिलेला होकार भुवईशी कसा जुळतो, अशा असंख्य गोष्टी मोजायच्या राहिल्या आहेत. त्यासाठी महागडे स्टेज लागत नाही. सेकंदाला 60 चौकटी टिपणारे दोन फोन, एक समोरून आणि एक बाजूने, सारखा पसरट उजेड, जवळचा मायक्रोफोन, दोन्ही चित्रे जुळवण्यासाठी सुरुवातीला एक टाळी आणि बोलणाऱ्याची लेखी संमती एवढ्यावर पहिली नोंद होते. अशा नोंदीसाठी निवडलेली मराठी वाक्ये शेवटच्या प्रकरणात दिली आहेत. प्रत्येक वाक्यात कोणता ओठ, कोणती जीभ आणि कोणता स्वर तपासायचा, तेही तिथेच लिहिले आहे.